एका वेळी एकच दार

स्त्रीदाक्षिण्य माणसाला कुठे नेऊन आपटेल सांगता येत नाही. मला त्याने बटाट्याच्या बाटल्यांत नेऊन आपटलं.

झालं असं, की एक बाई दोन्ही हातांत भरलेला ट्रे घेऊन समोरून येत होत्या आणि मी दारात उभा होतो. चार बरे संस्कार झालेल्या माणसाने जे केलं असतं, तेच मी केलं. दार धरलं. त्या दाराच्या आत एक एवढीशी खोली होती, जेमतेम तीन माणसं उभी राहतील अशी, आणि तिच्या पलीकडे आणखी एक दार. बाईंना तिथे पुन्हा थांबायला नको, म्हणून मी एक पाय लांब करून तेही ढकलून धरलं. उजवा हात बाहेरच्या दाराला, डावा पाय आतल्या दाराला. माझ्या देहाचा असा पूल यापूर्वी कधी झाला नव्हता आणि डॉक्टरांच्या मते पुढेही होऊ नये. वर मी हसतमुखाने म्हणतोय, "या, या, सावकाश!"

बाई जागच्या जागी थिजल्या. तोंडावर पट्टी होती, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते, आणि ते डोळे आभार मानत नव्हते. बाहेर अंगणात माळी खतमातीचं पोतं झटकत होता आणि वारा नेमका त्याच्याकडून आमच्याकडे वाहत होता.

"भावोजी!" आतून आवाज आला. "दार!"

मला वाटलं, वहिनी कौतुक करताहेत.

आठवड्याभराने, त्या दिवशी भरलेल्या झाडून सगळ्या बाटल्यांमध्ये पांढराशुभ्र कापूस उगवला. कापूस म्हणजे बुरशी. मांडणीच्या मांडणी गेली. ज्या खोलीत श्वासही जपून घ्यायचा, तिथे मी अंगणातली हवा पाहुण्यासारखी हात धरून आत नेली होती. मग त्या बाटल्या मोठ्या कुकरमध्ये उकळून, आतलं काढून, ब्रश घालून धुवाव्या लागल्या. कुणी धुतल्या हे सांगायची गरज नाही. दोन रविवार वहिनी माझ्यामागे उभ्या राहून एवढंच म्हणत होत्या, "तळाशी घासा. तळाशी. लेखकांना तळ दिसत नाही का?"

या माझ्या वहिनी. म्हणजे थोरल्या भावाची बायको. दादाचं चष्म्याचं दुकान आहे आणि वहिनी बटाटे कापतात. नीट सांगायचं तर बटाट्याची रोपं कापतात. सरकारी प्रयोगशाळेत निरोगी बटाट्याच्या कोंबाचा एक कण घेतात, काचेच्या बाटलीत जेलीवर ठेवतात, त्याचं बोटभर रोप होतं, मग त्या रोपाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा नव्या बाटलीत. त्याचं पुन्हा रोप, पुन्हा तुकडे. एका कोंबाची अशी हजारो रोपं होतात आणि ती सगळी बिनरोगी. पुढे त्यांचं बियाणं होतं आणि त्यातून तुमच्याआमच्या ताटात बटाटा येतो. हे सगळं कापाकापीचं काम चिमटा आणि पातं घेऊन, गाळलेल्या हवेच्या झोताखाली, दिव्याच्या ज्योतीशेजारी बसून, न बोलता करायचं. बोललं की तोंडातले जंतू बाटलीत.

वहिनी नोकरीला लागल्या त्या बाटल्या धुवायला. एकोणीस वर्षांत धुण्याच्या हौदापासून कापायच्या टेबलापर्यंत आणि टेबलापासून कापणीच्या खोलीच्या सर्वेसर्वा होण्यापर्यंत त्यांची चढती कमान राहिली. पगार मात्र धुण्याच्या हौदापाशीच बसून राहिला. खोलीतल्या बायका त्यांना 'चिमटावहिनी' म्हणतात. हातात चिमटा असतो म्हणून, असं त्या तोंडावर सांगतात.

स्वभाव गोड आहे, असं मी लिहिलं तर दादा हे पान फाडेल. नवीन लागलेल्या मुलीला पहिला महिनाभर त्या नावाने हाक मारत नाहीत. "टिकली तर नाव पाठ करू," म्हणतात. कुणी अत्तर लावून आलं तर दारातूनच परत. स्तुती त्यांनी आयुष्यात एकदाच केली, तीही एका कुकरची. घरीही तेच राज्य. एका भांड्यातला चमचा दुसऱ्या भांड्यात गेला तर तो गॅसच्या ज्योतीवरून फिरवून मगच परत जातो. फ्रिज उघडा असताना कुणी बाल्कनीचं दार उघडलं की स्वयंपाकघरातून गर्जना येते, "एका वेळी एकच दार!" दादा म्हणतो, "लग्नात हिने मला आधी स्पिरिट लावलं असणार, मला वास आठवतो."

आता मी तिथे कशाला तडमडलो होतो ते सांगतो. मी सरकारी पुस्तिका सोप्या भाषेत करून देतो. पाणी उकळून प्या, बँकेतले पैसे चोरांपासून सांभाळा, अशा विषयांवर माझं भरीव कार्य आहे. त्या वर्षी आलं राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान धोरण. चांगलं जाडजूड. मुखपृष्ठावर एक हिरवं पान आणि पानातून निघालेला वर जाणारा बाण. आत तीन शब्द घोळवून घोळवून आले होते: आर्थिक वाढ, शाश्वतता, रोजगार. 'शाश्वतता' सोपं करायचा मी खूप प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ते विम्याच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं.

धोरण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. रोग नसलेलं बियाणं, कचऱ्यातून इंधन, स्वस्त लस, हे कुणाला नको आहे? मी तर वाचताना भारावलो होतो. घरातच वहिनी असलं काम करतात आणि आपण त्यांना नुसत्या बटाटेवाल्या समजत होतो, याची मनाला जरा लाजही वाटली. म्हणून तर प्रयोगशाळा बघायला गेलो. फोटो काढला. पट्टी बांधलेल्या, टोपी घातलेल्या, चिमटा उगारलेल्या वहिनी. आणि परत निघताना ते दार धरलं.

पुस्तिकेचं काम ज्यांच्याकडे होतं त्या अधिकाऱ्यांना आम्ही सगळे आकडेसाहेब म्हणायचो. आवाज मऊ, कपडे इस्त्रीचे, आणि बोलणं असं की वाक्याच्या शेवटी बेरीज यावी. त्यांना फोटो फार आवडला. "व्वा! चेहरा दिसत नाही हे उत्तम. म्हणजे कुणाचाही असू शकतो."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्याच सुमारास प्रयोगशाळेवर नवी पाटी लागली. 'जैवतंत्रज्ञान उद्यान'. इमारत तीच, गळका नळ तोच, अंगणातला माळीही तोच. पण उद्यान झालं म्हटल्यावर त्यात नवे रोजगार निर्माण व्हायला हवेत. धोरणात तसं लिहिलंच होतं, आणि उद्घाटनाला मंत्री यायचे होते. आता नवे रोजगार आणायचे कुठून? बटाट्यासारखे तुकडे करून बाटलीत घातले की वाढतात असं तर नाही.

आकडेसाहेबांना वाटलं, का नाही?

एका दुपारी संचालकांनी कापणीच्या खोलीतल्या अकरा बायकांना बोलावलं. संचालक भला माणूस, वनस्पतिशास्त्रातला मोठा जाणकार. पण वरून काही आलं की त्यांच्या मानेचा देठ मऊ पडायचा. टेबलाकडे बघत ते म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी शुक्रवारी राजीनामा द्यायचा आहे. घाबरू नका. सोमवारपासून एक कंत्राटदार तुम्हाला घेणार आहे. जैवतंत्रज्ञान सहायक म्हणून. तीच खुर्ची, त्याच बाटल्या. फक्त सही करायची."

वरवर बघता यात रडण्यासारखं काही नाही. पण या बायका तिथे 'हंगामी' होत्या. वर्षानुवर्षं हंगामी. बटाट्याला हंगाम असतो, बाटलीला नसतो, आणि या बारा महिने बाटलीत काम करायच्या. तरी कागदावर हंगामी. वहिनींनी चपला झिजवून, अर्ज करकरून, शेवटी त्यांना कायम करायचं मंजूर झालं होतं. येत्या तिमाहीत. अट एकच होती, सेवेत खंड नको. एक दिवसाचाही खंड पडला की मागचं सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. म्हणजे शुक्रवारची ती सही केली की वहिनींची एकोणीस वर्षं शनिवार-रविवारच्या फटीतून खाली पडणार होती.

त्या दिवशी मी घासलेल्या बाटल्यांची शेवटची खेप पोचवायला गेलो होतो, आणि जेवणाच्या खोलीत हे ऐकलं. कापणीच्या खोलीत सकाळभर भुवयांनी बोलणाऱ्या बायका जेवणाच्या खोलीत आल्या की धरण फुटल्यासारख्या बोलतात.

"म्हणजे शुक्रवारी आपण मरायचं आणि सोमवारी जन्माला यायचं," एक म्हणाली.

"पुनर्जन्मात जरा उंच करा म्हणावं," जिला सगळ्या बुटकी म्हणतात ती म्हणाली. "वरच्या फळीला हात पोचत नाही मेला."

"आणि मधले दोन दिवस गं? तेव्हा आपण कुठे असणार?"

"दोन दारांच्या मध्ये," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला नव्हता. "ना बाहेर, ना आत."

सगळ्यांत धाकटी, नुकतंच नाव मिळालेली, तिने डोळ्याला पदर लावला. वहिनींनी तिच्याकडे बघितलं. "रडतेस काय? पट्टी ओली झाली की बदलावी लागते."

मी घरी न जाता तडक आकडेसाहेबांकडे गेलो. माझा राग सहसा जिना चढेपर्यंत टिकत नाही, पण त्या दिवशी लिफ्ट चालू होती. टेबलावर माझी पुस्तिका. छापून तयार. मधल्या पानावर वहिनी, आणि खाली ठळक अक्षरांत ओळ: 'नव्या धोरणाने मला रोजगार दिला!' ही ओळ मी लिहिली नव्हती. उद्गारचिन्ह तर मी उसनंही घेत नाही.

"साहेब, या बाई तिथे एकोणीस वर्षं काम करताहेत."

"तेच तर आपलं बळ. अनुभवी मनुष्यबळ."

"मग हा नवा रोजगार कसा?"

"जैवतंत्रज्ञान सहायक हे पद गेल्या वर्षी होतं का?"

"नव्हतं."

"झालं तर."

"अहो, पद नवं, पण बाई जुनी!"

आकडेसाहेबांनी पोराला समजावतात तसं समजावलं. "आपण बाया मोजत नाही. आपण पदं मोजतो."

"मग सोमवारपासून बाटल्याही पदांकडूनच कापून घ्या."

ते मनापासून हसले. "तुम्ही विनोदी लिहिता असं ऐकलं होतं. पुस्तिकेत मात्र आणू नका हं."

मी म्हटलं, फोटो काढून टाका. म्हणाले, छापून झालंय. म्हटलं, मग माझं नाव काढा. म्हणाले, सरकारी पुस्तिकेवर लेखकाचं नाव नसतंच. माझ्याकडे फेकून मारण्यासारखं एवढंच होतं, आणि तेही आधीच जमिनीवर पडलेलं होतं.

हा माणूस वाईट नव्हता हो. हेच मला झोंबतं. तो कुणाचा खिसा कापत नव्हता, कुणाला शिवी देत नव्हता. त्याला वाटत होतं की आपण देशाचं भलं करतोय. मिशा फुटलेल्या मुलाला पुन्हा पाळण्यात झोपवायचं आणि गावभर सांगायचं की आमच्या घरी बाळ झालं, याला एरवी लोक वेड म्हणतात. हेच सरकारी कागदावर केलं की त्याला वाढ म्हणतात. आणि ज्याला पाळण्यात कोंबलं त्याचे गुडघे दुखतात की नाही, हे विचारणारा रकाना कुठल्याही तक्त्यात नाही.

उद्घाटन शुक्रवारीच ठेवलं होतं. सह्या संध्याकाळी, मंत्री सकाळी. मीही गेलो, पुस्तिका वाटायला लेखक लागतो म्हणे.

मंत्री आले. गुच्छ, कॅमेरे, मागे पंधरा-वीस माणसं. कापणीच्या खोलीच्या बाहेरच्या दारात वहिनी उभ्या. टोपी, पट्टी, पांढरा कोट.

"फुलं बाहेर," वहिनी म्हणाल्या. "बूट बाहेर. चार माणसं आत."

"अहो बाई, कार्यक्रम आहे," आकडेसाहेब हळूच म्हणाले.

"म्हणून तर चार. एरवी दोन."

मंत्र्यांनी मुकाट्याने बूट काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यामुळे मला ते क्षणभर आवडले. तर मंत्री, आकडेसाहेब, फोटोवाला आणि वहिनी मधल्या खोलीत शिरले. मी बाहेरून दाराच्या काचेतून बघत होतो आणि वरच्या जाळीतून ऐकू येत होतं. फोटोवाल्याला दोन्ही दारं उघडी हवी होती. मागे मांडण्या, पुढे मंत्री, बाहेरून उजेड. मंत्री सज्जन. त्यांनी हसत हसत एका हाताने आतलं दार धरलं आणि दुसऱ्या हाताने बाहेरचं.

मला ती मुद्रा ओळखीची वाटली.

"हात काढा, साहेब," वहिनी म्हणाल्या.

"अहो, ते मंत्री आहेत!" आकडेसाहेब कुजबुजले.

"बुरशीला कुठे माहीत आहे?"

मंत्र्यांनी हात काढले. दोन्ही दारं लागली. आता तिथे एक लाल दिवा लागतो. आतला पंखा धूळ ओढून घेतो आणि दिवा हिरवा झाला की मग आतलं दार उघडायचं. तोवर उभं राहायचं. तीन माणसांच्या खोलीत चौघं, दंडाला दंड लावून, लाल उजेडात. लिफ्ट अडकल्यावर होते तसली शांतता पसरली. ती मोडायला मंत्र्यांनी विचारलं, "काय बाई, कधीपासून काम करता इथे?"

"नवीन आहेत, सर," आकडेसाहेब म्हणाले. "सोमवारपासून."

"एकोणीस वर्षं," वहिनी म्हणाल्या.

मंत्री एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागले. मान वळवायला जागा कमी होती, त्यामुळे नुसते डोळे.

"म्हणजे, नव्या पदावर सोमवारी रुजू होणार आहेत, सर."

"होणार नाही," वहिनी म्हणाल्या. "साहेब, आम्ही अकरा जणी इथे आधीपासून आहोत. आज आम्हाला काढायचं, सोमवारी घ्यायचं, आणि तुम्ही बाहेर सांगायचं की नव्या अकरा जणी लागल्या. आम्हाला कायम करायचं ठरलं होतं. एका दिवसाचा खंड पडला की ते गेलं."

मंत्र्यांचा चेहरा खरोखरच गंभीर झाला. "मी लक्ष घालतो."

"लक्ष नाही घातलंत तरी चालेल. खंड तेवढा पाडू नका."

दिवा हिरवा झाला. मंत्री सुटले.

त्यांनी लक्ष घातलं की नाही, देव जाणे. संध्याकाळी सह्यांचे कागद मात्र आले. सात जणींनी सह्या केल्या. कुणाचा नवरा घरी बसलेला, कुणाच्या पोरी शिकणाऱ्या. वहिनींनी त्यांना अवाक्षराने अडवलं नाही. उलट बुटकीचं पेन चालेना तेव्हा आपलं काढून दिलं. स्वतः केली नाही. आणखी तिघींनी केली नाही, त्यात ती धाकटी. तिचं तर जेमतेम नाव पाठ झालं होतं.

सोमवारी चौघी नेहमीच्या वेळेला गेल्या. दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. तोही ओळखीचा, रोज नमस्कार करणारा. म्हणाला, "वहिनी, यादीत नाव नाही." त्यांच्या कायम होण्याचं काय झालं, असं मी संचालकांना विचारलं, तर म्हणाले, विचाराधीन आहे. हा शब्द मला सोपा करून लिहायला सांगितला असता तर मी लिहिलं असतं: मेलं आहे, पण अजून उचललेलं नाही.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला. मंत्री आणि वहिनी. खाली छापलं होतं, 'नव्या धोरणाचा हसरा चेहरा'. पट्टीमागे चेहरा हसतोय हे त्यांना दिसलं कसं? डोळे तर स्पष्ट दिसत होते. मला माळ्याच्या पोत्याच्या दिवशी दिसले होते, तेच.

दादाने ते वर्तमानपत्र दुकानात चष्म्याखाली घालायला घेतलं. दादा अबोल माणूस. "अक्षर लहान आहे," एवढंच म्हणाला, "पण नंबर त्यांनाच लागलाय."

पुढे वर्षभरात काय झालं ते ऐका, म्हणजे तुमचाही रक्तदाब माझ्या सोबतीला येईल. पहिल्या कंत्राटदाराची मुदत संपली आणि दुसरा आला. त्याने त्याच सात जणींना पुन्हा 'नव्याने' घेतलं. सात बायका, दोन कंत्राटं, चौदा रोजगार. याच चालीने गेलं तर बुटकी एकटीच अख्ख्या तालुक्याची बेकारी दूर करील. आणि इकडे या चौघी घरी. त्या वजा कुणी केल्या? कुणीच नाही. तक्त्यात फक्त अधिकचं चिन्ह होतं.

वहिनी पहिले पंधरा दिवस घरात बसल्या आणि दादाने तेवढ्यात दुकानातले सगळे चष्मे स्वतः दोनदा पुसले, कारण घरी जायची हिंमत होईना. मग एके दिवशी वहिनी दुकानाच्या मागच्या खोलीत शिरल्या. जुनी खोकी बाहेर काढली, भिंती धुतल्या. माशांची काचेची पेटी आडवी ठेवून तिचा कापायचा आडोसा केला. जॅमच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या; माझ्या घरचा जॅम त्या महिन्यात मला न विचारता संपला. घरचा कुकर गेला, आता दादाकडे भात पातेल्यात शिजतो. त्या तिघी आल्या. बटाट्याची रोपं, थोडी फुलझाडांची.

छान चाललंय असं सांगायला मला आवडलं असतं. नाही चाललं. पहिल्या खेपेत अर्ध्याहून जास्त बाटल्यांत कापूस. मागे गल्ली, गल्लीत पिठाची गिरणी. पंखा ओढून ओढून किती ओढणार? दुसऱ्या खेपेला थोडं बरं. तिसरी पुन्हा गेली. एका रोपवाटिकावाल्याने थोडी रोपं नेली आणि अजून आला नाही. एकदा मी गेलो तेव्हा वहिनी दुकानामागच्या हौदावर एकट्याच बाटल्या घासत होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी जिथे सुरुवात केली, तिथेच. मी बाही सरसावून शेजारी बसलो, तर म्हणाल्या, "नको. तुम्ही तळ ठेवता."

खोलीला मात्र त्यांनी दादाकडून दोन दारं करून घेतली. बाहेरचं प्लायवूडचं, आतलं जुन्या शोकेसचं काचेचं. मध्ये दीड माणूस उभा राहील एवढी जागा.

आणि मग परवा मला आकडेसाहेबांचा फोन आला. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघतेय. मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या त्या वहिनींनी स्वतःचं युनिट काढलंय असं कळलं. फार छान! त्यांना घेऊ या. 'धोरणातून घडलेली नवउद्योजिका'. एक उद्योग, चार रोजगार."

म्हणजे ज्या चार जणींना या धोरणाने दाराबाहेर काढलं, त्या दाराबाहेर जिवंत राहिल्या, याचंही श्रेय धोरणालाच. उद्या यांनी माणसाला नदीत ढकलावं, तो पोहत काठाला लागला की म्हणावं, आमची जलतरण योजना यशस्वी झाली. मी तोंडात येईल ते बोलणार होतो. पण मग मनात एक कावेबाज विचार आला. नको, या वेळी होच म्हणायचं. त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच शाईने, वहिनींच्या तोंडचं खरं छापून आणायचं. छापून झाल्यावर काही काढता येत नाही, हे साहेबांनीच तर मला शिकवलं होतं.

त्या उत्साहात मी तसाच दुकानावर गेलो, दादाला ओलांडून मागे गेलो, प्लायवूडचं दार उघडलं, काचेचं उघडलं. वहिनी पेटीसमोर बसल्या होत्या. ज्योत पेटलेली. हातात चिमटा, चिमट्यात एवढासा हिरवा तुकडा, समोर उघडी बाटली. धाकटी शेजारी. दोघींच्या भुवया एकदम वर गेल्या.

"वहिनी," मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "तुम्हाला पुन्हा पुस्तिकेत घेताहेत. नवउद्योजिका म्हणून! काढलं त्यांनीच आणि मोजताहेतही तेच. पण या खेपेला मी त्यांना सोडत नाही. तुम्ही बोला, मी जसंच्या तसं घालतो. एक वाक्य द्या. या धोरणाने तुम्हाला काय दिलं?"

वहिनींनी तुकडा जेलीत खोचला. बाटलीचं झाकण लावलं. चिमटा ज्योतीतून फिरवून घेतला. मग पट्टीच्या वरून माझ्याकडे बघितलं. माझ्या उजव्या हाताकडे, जो प्लायवूडच्या दारावर होता, आणि माझ्या डाव्या पायाकडे, जो काचेच्या दाराला लागला होता.

"दार लावा, भावोजी. बाहेरून."